द्वोर्झाकचे स्लाव्हॉनिक डान्सेस: ऐकायला आणि चार हातांनी वाजवायला सुरुवात कशी करावी

चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाकचे स्लाव्हॉनिक डान्सेस, म्हणजे स्लाव्ह लोकांच्या ढंगाची नृत्ये, एकूण सोळा. आठांचा पहिला संच ओपस 46 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित कृतीचा क्रमांक), हा 1878 चा. आठांचा दुसरा संच ओपस 72, तो 1886 चा. एकेक तुकडा साधारण तीन ते सात मिनिटांचा, आणि सगळे मिळून सव्वा तासाच्या आसपास. नवखा श्रोता अल्बम लावतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायला बसतो. पाचव्या-सहाव्या नृत्यापाशी कान थकतात, सगळे एकसारखे वाटू लागते आणि अल्बम तिथेच बंद होतो. दोष ऐकणाऱ्याचा नाही. हे तुकडे सिम्फनीसारखे एकातून एक उमलत जात नाहीत. प्रत्येक नृत्य स्वतःपुरते पूर्ण आहे. म्हणून एका बैठकीत दोन, फार तर तीन ऐकावीत, आणि क्रमाने तर मुळीच ऐकू नयेत. क्रम कोणता धरावा, ते पुढे दिले आहे.

आधी एवढी माहिती पुरे

द्वोर्झाकचा जन्म 1841 साली प्रागच्या उत्तरेकडच्या नेलाहोझेवेस गावातला. तरुणपणी तो प्रागच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा, नंतर चर्चमध्ये ऑर्गन. गरीब कलाकारांसाठी ऑस्ट्रियन सरकारची शिष्यवृत्ती होती. तिच्या परीक्षक मंडळात योहानेस ब्राम्स होता. द्वोर्झाकचे काम पाहून त्याने बर्लिनचा आपला प्रकाशक झिमरॉक याला या माणसाचे नाव कळवले. ब्राम्सच्या हंगेरियन डान्सेसनी झिमरॉकला चांगला पैसा मिळवून दिला होता, तेव्हा त्याच घाटाचे काहीतरी त्याने द्वोर्झाककडे मागितले. पहिला संच 1878 च्या वसंतात तयार झाला. मोबदला 300 मार्क. त्याच नोव्हेंबरात बर्लिनच्या वर्तमानपत्रात लुईस एलर्टचे कौतुकाचे परीक्षण आले आणि प्रागबाहेर फारसा माहीत नसलेला संगीतकार जर्मनीभर पोचला.

यातल्या दोन गोष्टी ऐकताना उपयोगी पडतात. एक, हे संगीत आधी एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी लिहिले गेले. वाद्यवृंदाची मांडणी द्वोर्झाकने लगोलग स्वतःच केली. दोन, ब्राम्सने बहुतेक चाली आधीपासून प्रचलित असलेल्या घेतल्या होत्या. द्वोर्झाकने लोकांकडून घेतला तो नृत्यांचा ताल आणि ढंग. चाली स्वतः रचल्या. म्हणून इथे ‘मूळ लोकगीत’ शोधत बसण्यात अर्थ नाही. शोधायचा तो ताल.

पहिली पायरी: काही न लावता टाळी

सोळांपैकी सर्वांत गाजलेल्या नृत्यांमागे फुरियांट नावाचा चेक नृत्यप्रकार आहे. वेग जलद, बार (मात्रांचा एक गट) तीन मात्रांचा. पण त्याची ओळख आहे ती आघात हलवण्यात. हे आधी हाताला कळले तर कानाला शिकवावे लागत नाही. दहा मिनिटे पुरतात.

सहा मात्रा सम गतीने मोजा आणि पहिलीवर व चौथीवर टाळी द्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आपल्याला हे सहज जमते, कारण दादऱ्याचे ‘धा धिं ना, धा तिं ना’ अंगात असते.

आता त्याच सहा मात्रा, तीच गती, पण टाळी पहिली, तिसरी आणि पाचवीवर: एक-दोन, एक-दोन, एक-दोन. एकूण वेळ बदललेला नाही. दोन टाळ्यांऐवजी तीन बसल्या, एवढेच.

मग दोन्ही जोडा. बारा मात्रांचे एक आवर्तन होते:

एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

फुरियांटचा साचा तो हाच. सुरुवातीला मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने टोले देणारे यंत्र) मिनिटाला 100 मात्रांवर ठेवा आणि दर मात्रेला एक टोला येऊ द्या. दहा आवर्तने न अडखळता झाली की 120, मग 144.

चूक होते ती ठरलेल्या जागी. ‘एक-दोन’च्या भागात हात पुढे पळतो, कारण टाळ्या दाट होतात आणि दाट टाळी म्हणजे जलद लय असे मन समजते. त्यावर उपाय आहे: मेट्रोनोमचा टोला दर तीन मात्रांना एकच ठेवा. मग पहिला टोला पहिल्या टाळीवर येईल, आणि दुसरा टोला दुसऱ्या ‘एक-दोन’मधल्या ‘दोन’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी पडेल. तो तिथेच पडत असेल तर लय टिकली आहे. टाळीवर पडू लागला तर हात पळाला. दादरा पक्का असलेल्यांना हे सुरुवातीला जास्त जड जाते. चौथ्या मात्रेची ओढ इतकी पक्की असते की ती सोडायला हात तयार होत नाही. घाई करू नका.

दुसरी पायरी: ओपस 46 मधले आठवे

जी मायनर (सा जी या स्वरावर, गंधार कोमल), गतीची सूचना प्रेस्टो, म्हणजे अतिजलद, सुमारे चार मिनिटे. पहिल्यांदा फक्त टाळी देत ऐका, बाकी कशाकडे लक्ष नको. सुरुवातीलाच पूर्ण वाद्यवृंद जोरात उठतो आणि आत्ता हाताने केलेले आवर्तन समोर येते: आधी दोन-दोन, मग तीन-तीन. टाळी चुकली तर पुन्हा सुरुवातीपासून लावा. मधूनच पकडायचा प्रयत्न करू नका, कारण सुरुवातीची आवर्तने सर्वांत स्पष्ट आहेत.

दुसऱ्यांदा ऐकताना टाळी बंद, आणि लक्ष मायनर-मेजरच्या उलटापालटीकडे. घरात पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी पाच सा धरा. गंधार काळी पाचवर घेतला की कोमल, म्हणजे मायनर. पांढरी सातवर घेतला की शुद्ध, म्हणजे मेजर. दोन्ही दोन-तीनदा वाजवून कानात बसवा आणि मग रेकॉर्डिंग लावा. या नृत्यात जोर आणि हळुवारपणा, कोमल आणि शुद्ध गंधार यांची अदलाबदल फार थोड्या अंतराने होते. ती ऐकू येऊ लागली की हे नुसते जलद, दणदणीत संगीत राहत नाही. आमच्या मते सोळांपैकी हे सर्वांत भरीव नृत्य आहे, आणि सुरुवात इथून करायचे कारणही तेच.

तिसऱ्यांदा शेवट ऐका. आवाज ओसरत जातो, संपले असे वाटते, आणि मग सगळे एकदम उसळते. मैफिलीत टाळ्या अनेकदा इथेच आधी वाजतात.

यानंतर ओपस 46 मधले पहिले लावा. तेही फुरियांट, पण सी मेजरमध्ये. आधी पूर्ण वाद्यवृंदाचा एक लांब धरलेला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, येतो. त्याला मोजू नका. तो सुटल्यावर चाल सुरू होते, तिथून टाळी द्या. आठव्याशी तुलना केली तर कळेल की साचा एकच असूनही हे उजळ आणि सरळ आहे, आणि आठवे अस्वस्थ.

तिसरी पायरी: दुमका

ओपस 46 मधले दुसरे, ई मायनर. दुमका हा प्रकार युक्रेनकडून आलेला. उदास, रेंगाळणारा भाग आणि अचानक खुशीचा, जलद भाग यांची आलटापालट हे त्याचे लक्षण. इथे टाळी उपयोगाची नाही, कारण लयच बदलत राहते. कागद घ्या, आणि वेग बदलला की रेकॉर्डिंगमधले मिनिट-सेकंद लिहा. एवढेच काम. दुसऱ्यांदा ऐकताना त्या वेळांच्या आधीचे दहा सेकंद नीट ऐका: बदल एकदम येतो की वाद्यवृंद हळूहळू तिकडे झुकतो? इथेच वाद्यवृंदाचा एक संचालक दुसऱ्याहून वेगळा कळतो. जो सगळे बदल कापून ठेवल्यासारखे करतो, त्याच्याकडे दुमका कोरडा होतो.

दुमका आवडला तर पुढे ओपस 72 मधले चौथे, डी फ्लॅट मेजर, ऐका. ते अधिक मवाळ आहे.

बाकीची नृत्ये, थोडक्यात

स्कोच्ना म्हणजे दोन मात्रांचे, उड्या मारत करायचे जलद नृत्य. ओपस 46 मधले पाचवे आणि सातवे या प्रकारातले. सातवे, सी मायनर, आधी ऐका: ओबो हे फुंकवाद्य चाल सुरू करते आणि बसून नावाचे खालच्या सुरांचे फुंकवाद्य त्याच चालीने मागून येते. हा पाठलाग कानाने धरून ठेवणे हा उत्तम सराव आहे. पोल्का, दोन मात्रांचे जोडीने करायचे नृत्य, बहुतेकांना ठाऊक असतो. ए फ्लॅट मेजरमधला इथला पोल्का मात्र अपेक्षेपेक्षा नाजूक सुरू होतो.

सोसेडस्का हे तीन मात्रांचे, संथ, जोडीने करायचे नृत्य. ओपस 46 मधले चौथे, एफ मेजर, या प्रकारचे आहे आणि बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये सहा मिनिटांच्या पुढे जाते. सलग ऐकणारे बहुधा याच ठिकाणी गळतात. ते वाईट नाही. पण त्याचा आनंद वाद्यांच्या रंगबदलात आहे, आणि तो कान तयार झाल्यावर कळतो. ते शेवटासाठी राखून ठेवा, आणि त्याच्याबरोबर ओपस 72 मधले आठवेही.

ओपस 72 मध्ये द्वोर्झाक चेक प्रदेशाबाहेर जास्त फिरतो. पहिले स्लोव्हाक वळणाचे ओडझेमेक आहे, सातवे सर्बियन वळणाचे कोलो. दुसरे, ई मायनर, हे आठ वर्षांनी लिहिलेल्या या संचाचे हृदय म्हणावे असे. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लरच्या व्हायोलिन-पियानो मांडणीमुळे अनेकांनी ते नाव न कळता ऐकलेलेही असते.

म्हणून आम्ही सुचवतो तो क्रम असा: 46 चे आठवे, 46 चे पहिले, 46 चे दुसरे, 72 चे दुसरे, 46 चे सातवे, 72 चे सातवे. ही सहा पक्की झाली की उरलेली दहा कोणत्याही क्रमाने.

नावांविषयी एक सावधगिरी. नृत्यप्रकारांची नावे पुस्तकापुस्तकांत बदलतात, ओपस 72 मध्ये तर फारच: 72 च्या दुसऱ्याला कुणी स्टारोडावनी म्हणतो, कुणी मझुर्का. शिवाय ओपस 46 मधल्या तिसऱ्या आणि सहाव्याचे क्रमांक पियानोच्या व वाद्यवृंदाच्या आवृत्तींत उलटसुलट सापडतात. म्हणून क्रमांकावर विसंबू नका. मूळ स्वर (ए फ्लॅट मेजर वगैरे) आणि गतीची सूचना पाहा. ए फ्लॅट मेजर, पोको अलेग्रो असेल तर तो पोल्का. डी मेजर, अलेग्रेट्टो स्केर्झांडो असेल तर ती सोसेडस्का.

कोणते रेकॉर्डिंग

वाद्यवृंदासाठी दोन पुरेत. वात्स्लाव टालिख आणि चेक फिलहार्मोनिक यांचे जुने रेकॉर्डिंग आवाजाने धूसर आहे, पण नृत्याचा ढंग त्यात जसा आहे तसा क्वचित मिळतो. जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा यांचे दुसरे टोक: प्रत्येक आघात काटेकोर. टाळीचा सराव सेलबरोबर करा, नंतर टालिखकडे या. उलट क्रमाने गेलात तर टालिखच्या लयीतली लवचीकता चुकीसारखी वाटेल. चार हातांच्या पियानोसाठी आल्फ्रेड ब्रेंडल आणि वॉल्टर क्लिन यांचे ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर गायब होतात, आणि आघातांचा निम्मा भार तिथेच असतो.

चार हातांनी वाजवायचे असेल तर

वाजवण्याची तयारी दोघांचीही पाश्चात्त्य पियानो परीक्षांच्या साधारण सहाव्या-सातव्या ग्रेडची हवी. त्याखाली स्वर बसतील, पण गती येणार नाही.

वाद्य 88 पट्ट्यांचेच घ्या. घरोघरी असणारा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड चालत नाही: दोन माणसे त्यावर मावत नाहीत, आणि खालचा व वरचा दोन्हीकडचा भाग अपुरा पडतो. डिजिटल पियानो असेल तर पेडल स्टँडला घट्ट बसवलेले असावे. सुटे पेडल दोघांच्या पायांत सरकते. बसायला एक बाक घेण्यापेक्षा दोन वेगळी स्टुले बरी, कारण दोघांची उंची क्वचितच सारखी असते.

स्वरलिपी मिळवणे अवघड नाही. द्वोर्झाक 1904 साली वारला, त्यामुळे मूळ झिमरॉक आवृत्तीची स्कॅन केलेली पाने इंटरनेटवर मोफत आहेत. चार हातांच्या पुस्तकात डाव्या पानावर सेकोंडो, म्हणजे खालच्या सप्तकांतला भाग, आणि उजव्या पानावर प्रीमो, म्हणजे वरचा भाग असतो. टॅबलेटवर वाचायचे तर आडवा धरून दोन पाने शेजारी दाखवा. इथे हमखास एक घोळ होतो: पीडीएफमध्ये आधी मुखपृष्ठाचे पान असते, त्यामुळे जोड्या एका पानाने सरकतात आणि प्रीमोच्या शेजारी पुढच्या पानाचा सेकोंडो येतो. मुखपृष्ठ काढून टाका किंवा एक कोरे पान घाला, आणि पहिल्या बारपाशी दोन्ही पाने जुळतात का ते पाहा. कागद वापरत असाल तर प्रत्येक पान कोण उलटणार ते पेन्सिलने लिहून ठेवा. त्या क्षणी ज्याचा एक हात मोकळा, त्याने उलटायचे. कुणाचाच मोकळा नसेल तर कुणी कोणते दोन स्वर सोडायचे ते आधीच ठरवा.

पहिले नृत्य ओपस 72 मधले दुसरे निवडा. तीन-आठचा (तीन छोट्या मात्रांचा) बार, गती मध्यम, आणि चाल व सोबत ऐकून वेगळी करता येते. चाल उदास असल्यामुळे दोघेही नकळत संथ होतात, हा त्यातला धोका. सूचना अलेग्रेट्टोची, म्हणजे माफक जलद गतीची, आहे. तुमचे वाजवणे साडेसहा मिनिटांच्या पुढे गेले तर फारच रेंगाळता आहात. सेकोंडोने बारच्या पहिल्या मात्रेला टेकू द्यावा आणि उरलेल्या दोन त्याच्या निम्म्या जोराने वाजवाव्यात. तिन्ही सारख्या जोराने वाजल्या की चाल बुडते.

त्यानंतर ओपस 46 मधले आठवे. सराव असा करा.

1. पियानो बंद ठेवून दोघांनी बारा मात्रांच्या आवर्तनाची टाळी द्या. आधी एकत्र, मग एकाने सलग तीन-तीन आणि दुसऱ्याने फुरियांटचा साचा, मग अदलाबदल. हा टप्पा गाळणारी जोडी पुढे गती वाढवताना फुटते.

2. सेकोंडोने एकट्याने वाजवायचे, प्रीमोने शेजारी बसून टाळी द्यायची. मग उलट.

3. दोघे मिळून, चतुर्थांश स्वराला, म्हणजे एका मात्रेला, 96 वर. तिथून 120, 144, 168. 168 झाले की मेट्रोनोम बदलून दर बारला एक टोला, म्हणजे 56 वर आणा, आणि पुढची वाढ त्या हिशोबाने करा. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त पायऱ्या चढू नका.

4. हात एकमेकांत अडकतात त्या जागा वेगळ्या काढा. प्रीमोचा डावा आणि सेकोंडोचा उजवा हे दोनच हात भांडतात. एकाने पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, झाकणाजवळ, वाजवायचे आणि दुसऱ्याने बाहेरच्या कडेला. कोण आत, कोण बाहेर ते त्या बारवर लिहा. दर वेळी नव्याने ठरवत बसलात तर कधीच जमणार नाही.

पेडल सेकोंडोचे. पण कान मात्र प्रीमोच्या चालीकडे हवा. फक्त स्वतःचे कॉर्ड ऐकून पेडल दिले तर खाली स्वच्छ आणि वर चिखल होतो. तीन-तीनच्या बारमध्ये दर बारला पेडल बदला. दोन-दोनच्या भागात कॉर्ड बदलेल तसे, आणि शंका असेल तिथे पेडल न देणेच चांगले. फुरियांटला कोरडेपणा शोभतो, धूसरपणा नाही.

सुरुवात प्रीमोने द्यावी: मनात एक पूर्ण बार मोजायचा, त्याच गतीने श्वास आणि मान, आणि मग हात. नुसती मान हलवली की पहिला कॉर्ड एकत्र पडतो, पण दुसऱ्या बारला दोघांच्या दोन गती होतात, कारण मानेच्या हालचालीतून गती कळलेलीच नसते.

जोडीदार नसेल तर एकट्याने वाजवायच्या सोप्या मांडण्या बाजारात भरपूर आहेत. त्या घेताना आठव्या नृत्याचे पहिले चार बार उघडून पाहा. पहिल्या दोन बारमध्ये आघात दोन-दोनच्या जागी, म्हणजे पहिल्या बारच्या पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आणि दुसऱ्या बारच्या दुसऱ्या मात्रेवर असतील, तर मांडणी घेण्यासारखी आहे. डाव्या हाताला तिथे वॉल्ट्झसारखे सरळ तीन-तीन दिले असतील, तर ती घेऊ नका. तिच्यावर बसलेली सवय मूळ आवृत्तीकडे जाताना पुसून काढायला फार वेळ लागतो.